दुकानातला टीव्ही आणि घरातला टीव्ही

गेल्या महिन्यात कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसण्याचा योग आला. दुपारची वेळ होती. एक वयस्क गृहस्थ रिक्षातून उतरले आणि त्यांच्यामागे दोन मुलांनी धरून एक भला मोठा काळा टीव्ही आत आणला. ४२ इंची प्लाझ्मा, वजन तीस किलोच्या घरात. २००९ साली त्यांचा मुलगा कुवेतहून सुट्टीवर येताना घेऊन आला होता. इतकी वर्षे चालला आणि आता पडदा काळा.

कारागिराने मागचे झाकण काढले, मीटर लावला आणि पाच मिनिटांत निदान सांगितले. "चाचा, पॅनल ठणठणीत आहे. पॅनलला वीज पुरवणारा बोर्ड गेला. हा बोर्ड आता कोणी बनवत नाही."

"मग जुना कुठे मिळेल का?"

"दुसरा असाच टीव्ही भंगारात सापडला तर."

चाचांनी दुकानात भिंतीवर चालू असलेल्या नव्या टीव्हींकडे पाहिले आणि म्हणाले, "यांच्यावर तसं चित्र दिसत नाही रे बाबा." कारागीर हसला, पण त्याने नाही म्हटले नाही. कारण चाचांचे म्हणणे खरे होते.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की प्लाझ्मा घ्यावा की एलसीडी, हा प्रश्न साधारण २००५ ते २०१३ या काळात घरोघरी चर्चिला गेला. त्या वादात जो चांगले चित्र दाखवत होता तो हरला. का हरला, हे ना ग्राहकाने नीट समजून घेतले ना दुकानदाराने. आज तोच वाद नव्या नावांनी पुन्हा सुरू झाला आहे आणि पुन्हा लोक लाख-लाख रुपये शोरूमच्या झगमगाटात पाहून खर्च करीत आहेत. म्हणून जुना हिशेब एकदा तपासून पाहणे आवश्यक वाटते.

प्रथम या दोन संचांतला मूळ फरक पाहू. प्लाझ्माच्या पडद्यात काचेच्या दोन तावदानांमध्ये लाखो सूक्ष्म कप्पे असत. कप्प्यात निऑन आणि झेनॉन वायू भरलेला. वीज दिली की त्या वायूतून अतिनील किरण निघत, ते कप्प्यातल्या लाल, हिरव्या किंवा निळ्या लेपावर पडत आणि तो लेप उजळून निघे. आपल्या घरातल्या जुन्या ट्यूबलाइटमध्ये जे घडते तेच, फक्त लाखो चिमुकल्या ट्यूब एका पडद्यात बसवलेल्या. १९६४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी हा पडदा शिक्षणाच्या संगणकासाठी तयार केला. टीव्ही हा त्याचा मूळ हेतूच नव्हता.

एलसीडीच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. मागे दिवे सतत पेटलेले असतात आणि पुढे द्रवस्फटिकांचा थर खिडकीच्या झडपांसारखा काम करतो. झडप उघडली की उजेड बाहेर, मिटली की बंद. पण झडप कितीही घट्ट मिटली तरी मागचा उजेड थोडा झिरपतोच. म्हणून एलसीडीवर रात्रीचे दृश्य काळे न दिसता करडे दिसते. प्लाझ्मात अंधाऱ्या दृश्यात कप्पा जवळजवळ विझतोच, म्हणून काळा रंग काळा दिसे. पायोनियर कंपनीने २००७ मध्ये काढलेल्या प्लाझ्मा टीव्हीचे नावच 'कुरो' होते. जपानी भाषेत कुरो म्हणजे काळा. जाणकार लोक आजही त्या संचाची आठवण काढतात.

प्लाझ्माचे आणखी दोन गुण आपल्या घरांना फार उपयोगाचे होते. एक, बाजूने पाहिले तरी चित्र फिके पडत नसे. आपल्याकडे क्रिकेटच्या सामन्याला दहा-बारा माणसे खोलीभर बसतात, कोणी सोफ्यावर, कोणी खाली चटईवर, कोणी दाराच्या चौकटीत. त्या काळातल्या स्वस्त एलसीडीवर कडेला बसलेल्यांना धुरकट चित्र पाहावे लागे. दुसरे, वेगवान चेंडूमागे एलसीडीवर जी पुसट शेपटी दिसे ती प्लाझ्मावर नसे. २००७ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकानंतर आणि २००८ ला आयपीएल सुरू झाल्यावर मोठ्या टीव्हीकडे लोकांचा ओढा वाढला, तेव्हा या गोष्टी सांगून प्लाझ्मा विकता आला असता. थोडा विकलाही गेला.

मग प्लाझ्मा हरला कुठे? माझ्या मते, तो दुकानात हरला.

टीव्हीचे दुकान आठवून पाहा. छताला ओळीने पांढऱ्या ट्यूब, समोर काचेचा दर्शनी भाग, बाहेरून येणारे ऊन. अशा जागी प्लाझ्माच्या चकचकीत काचेत दुकानातल्या ट्यूब आणि ग्राहकाचा स्वतःचा चेहरा दिसे. काळ्या रंगाची सगळी किमया त्या उजेडात धुऊन जाई. शेजारचा एलसीडी मात्र भडक रंगात झगझगत असे. त्यातही एलसीडीचा चित्रमोड मुद्दाम सर्वांत तीव्र ठेवलेला. ग्राहकाने दोन्हींकडे पाच मिनिटे पाहिले आणि उजळ दिसला तो घेतला. घरी नेऊन तो रात्री आठनंतर एका मंद दिव्याखाली पाहणार आहे, याचा विचार ना त्याने केला ना विकणाऱ्याने.

आकड्यांचाही खेळ होता. त्या काळातल्या पुष्कळशा ४२ इंची प्लाझ्मा संचांचे बिंदू १०२४ गुणिले ७६८ असत, तर त्याच मापाच्या चांगल्या एलसीडीचे १९२० गुणिले १०८०. पेटीवर 'फुल एचडी' छापलेले असले की सौदा पक्का. प्रत्यक्षात आपल्या घरात केबलचे जे चित्र येत होते ते या दोन्हींच्या निम्म्यापेक्षाही कमी दर्जाचे होते, आणि दहा फुटांवरून पाहणाऱ्या डोळ्याला तो फरक क्वचितच कळला असता. 'दहा लाखास एक' असे कॉन्ट्रास्टचे आकडे छापले जात. ते मोजण्याची सर्वांना बांधील अशी एकच पद्धत नव्हती, त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थच नव्हता. विक्रेते तो आकडा मंत्रासारखा म्हणत.

२००९ पासून 'एलईडी टीव्ही' हे नाव बाजारात गाजू लागले. ग्राहकाला वाटले की प्लाझ्मा आणि एलसीडी दोघांनाही मागे टाकणारी ही तिसरीच जात आहे. वस्तुतः तो एलसीडीच होता. फक्त मागच्या बारीक ट्यूब काढून त्या जागी एलईडीचे दिवे बसवले होते. सुधारणा खरी होती. टीव्ही पातळ झाला, वीज कमी लागू लागली, ट्यूबमधला पारा गेला. (जुने ट्यूबवाले एलसीडी उघडणाऱ्या कारागिरांनी हे ध्यानात ठेवावे. त्या ट्यूब फोडून कचऱ्यात टाकू नयेत.) पण नावाने ग्राहकाची दिशाभूल झाली ती झालीच. आजही "एलसीडी नको, एलईडी दाखवा" असे म्हणणारे गिऱ्हाईक रोज येते आणि दुकानदार "हो, एलईडीच आहे" म्हणून मोकळा होतो. सांगायला दोन मिनिटे लागतात, पण ती दोन मिनिटे कोणी खर्च करीत नाही.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की लेखक प्लाझ्माचा वकील दिसतो. तसे नाही. चित्र चांगले होते हे मान्य करूनही माझे मत असे आहे की आपल्याकडच्या बहुतेक घरांसाठी एलसीडी घेणेच योग्य होते. फक्त ज्या कारणासाठी तो घेतला गेला ते कारण चुकीचे होते.

योग्य कारण विजेचे होते. ४२ इंची प्लाझ्मा सरासरी २५० वॉट खाई असे धरले आणि दिवसाला सहा तास टीव्ही चालतो असे धरले, तर महिन्याला ४५ युनिट झाले. आजचा ४३ इंची एलईडी ८० वॉटमध्ये भागवतो, म्हणजे महिन्याला साधारण १४ युनिट. फरक ३० युनिटचा. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० रुपये. त्यात ज्यांचे बिल पहिल्या १०० युनिटांच्या आत बसते, त्यांना वरच्या दराच्या टप्प्यात ढकलायला एवढे ३० युनिट पुरेसे होतात. ज्या काळात प्लाझ्मा विकला जात होता त्या काळात महाराष्ट्रात भारनियमन होते. इन्व्हर्टरवर पंखे, दोन दिवे आणि वर प्लाझ्मा लावला की बॅटरी माना टाकी. हा हिशेब कोणत्या दुकानाने ग्राहकाला कागदावर करून दाखवला? मी तरी पाहिला नाही.

दुसरे योग्य कारण आपल्या पाहण्याच्या सवयीचे. प्लाझ्मावर एकच स्थिर चित्र तासन्‌तास राहिले तर त्याचा डाग पडद्यावर कायमचा उमटे. आपल्या घरात सकाळपासून बातम्यांचे वाहिनीचे चिन्ह एका कोपऱ्यात आणि खाली लाल पट्टी. वडीलधारी मंडळी घरी असली की दिवसभर तेच. असे कित्येक प्लाझ्मा मी पाहिले आहेत की सिनेमा लावला तरी कोपऱ्यात वृत्तवाहिनीचे भूत बसलेले.

आखातातून आलेल्या टीव्हींची कहाणी वेगळीच. खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धन, म्हसळा या भागात मोठा टीव्ही पहिल्यांदा दुकानातून नव्हे तर मुंबईच्या विमानतळावरून आला. कोणाचा मुलगा दुबईला, कोणाचा भाऊ दम्माममध्ये. सुट्टीला येताना खोक्यातला टीव्ही हा जणू शिरस्ताच होता, कारण तिकडच्या आणि इकडच्या किमतीत मोठी तफावत होती आणि ठरावीक रकमेपर्यंत जकात लागत नव्हती. २६ ऑगस्ट २०१३ पासून केंद्र सरकारने सामानातून येणाऱ्या सपाट पडद्याच्या टीव्हीला ही सवलत बंद केली आणि ३५ टक्के जकात व वर उपकर लावला. रुपयाची घसरण आणि परकीय चलनाची चणचण हे त्यामागचे कारण होते. अनेक घरांत त्या वेळी नाराजी झाली. परंतु तोट्याचा हिशेब त्याआधीही होता, तो कोणी मांडत नव्हता. तिकडे घेतलेल्या संचाची वॉरंटी इकडे सहसा चालत नसे. मॉडेलचा क्रमांक वेगळा असल्याने सुटे भाग जुळत नसत. आणि प्लाझ्मा हा उभाच न्यावा लागे, आडवा ठेवला तर आतली काच तडकण्याची भीती. विमानातून, मग जीपच्या टपावरून घाट उतरून आलेले खोके घरी उघडल्यावर काय निघाले, याच्या कथा प्रत्येक गावात आहेत.

आता व्यापाऱ्याच्या बाजूने पाहू, कारण या पानाचा वाचक बहुधा गल्ल्यामागे बसणारा आहे. २०११-१२ च्या सुमारास ४२-४३ इंची प्लाझ्मा त्याच मापाच्या एलईडीपेक्षा स्वस्त मिळू लागला. ही स्वस्ताई का आली, हे विचारायला हवे होते. माझ्या परिचयाच्या एका दुकानदाराने दिवाळीच्या स्कीममध्ये एकदम बारा प्लाझ्मा उचलले. प्रत्येक नगावर जादा सूट होती आणि टार्गेट पूर्ण झाले की वर आणखी काही. चार विकले गेले. पुढच्या सहा महिन्यांत एलईडीचे भाव उतरले आणि उरलेले आठ गोदामात पडून राहिले. शेवटचे तीन त्याने खरेदीपेक्षा कमी भावात दिले, त्यातला एक आपल्याच मेहुण्याला. "स्कीममध्ये मिळालेला नफा स्कीमनेच खाल्ला," असे तो आजही म्हणतो. कंपनी ज्या मालावर अचानक सढळ होते, तो माल तिला स्वतःच्या अंगावरून उतरवायचा असतो. छोट्या दुकानदाराजवळ भांडवल ते किती, आणि ते आठ खोक्यांत अडकले की लग्नसराईचा फ्रीज-कूलरचा हंगाम उधारीवर काढावा लागतो.

तसे मोठ्यांचेही काही बरे झाले नाही. पायोनियरने फेब्रुवारी २००९ मध्येच टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. पॅनासॉनिकने जपानमधील आमागासाकी येथे प्लाझ्माचे प्रचंड कारखाने उभारले होते. मार्च २०१२ आणि मार्च २०१३ ला संपलेल्या दोन्ही वर्षांत त्या कंपनीला प्रत्येकी ७५,००० कोटी येनहून अधिक तोटा झाला, टीव्हीचा धंदा हे त्यातले एक मोठे कारण, आणि डिसेंबर २०१३ मध्ये तिने प्लाझ्मा बनवणे थांबवले. सॅमसंग आणि एलजी २०१४ च्या अखेरीस बाहेर पडल्या. ग्राहकाला सांगितले जाई की हा पडदा १ लाख तास चालेल. रोज आठ तासांच्या हिशेबाने ही ३४ वर्षे होतात. पडदा कदाचित चालेलही, पण त्याचे बोर्ड बनवणारे त्याआधीच गेले.

जिंकलेल्या एलसीडीच्या कारखानदारांनीही फार कमावले असे नाही. शार्पने २००९ मध्ये साकाई येथे एलसीडीचा अवाढव्य कारखाना सुरू केला. त्यानंतर कंपनी अशी तोट्यात गेली की २०१६ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉनने तिचा ताबा घेतला, आणि २०२४ मध्ये साकाईचे टीव्ही पॅनल बनवणेही बंद झाले. सॅमसंगच्या पॅनल कंपनीने २०२२ मध्ये एलसीडी सोडला. आज टीव्हीचे बहुतेक एलसीडी पॅनल चीनमध्ये बनतात आणि पेटीवर नाव कोणतेही असो, आतला पडदा बऱ्याचदा त्याच दोन-चार कारखान्यांतून आलेला असतो. तेव्हा नावाला किती किंमत द्यायची आणि गावात सर्व्हिस देणाऱ्या माणसाला किती, हे ग्राहकाने ठरवावे.

आजच्या प्रश्नाकडे येऊ. दुकानात गेले की क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी अशी नावे कानावर पडतात. यातले पहिले दोन एलसीडीच आहेत. मागे दिवे, पुढे झडपा. मिनी एलईडीत दिवे लहान आणि पुष्कळ असतात, दृश्यात जिथे अंधार आहे तिथले दिवे मंद करता येतात, म्हणून काळा रंग बराच सुधारतो. ओएलईडी मात्र वेगळा. त्यात प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. प्लाझ्माचा तो खरा वारस म्हणावा लागेल. काळा रंग कुळकुळीत, बाजूने पाहिले तरी चित्र शाबूत. पण वारशात गुणांबरोबर खोडही आली आहे. स्थिर चिन्हाचा डाग त्यावरही उमटू शकतो. कंपन्यांनी त्यावर उपाय केले आहेत, तरी दिवसाला दहा तास एकच वृत्तवाहिनी चालणाऱ्या घरात मी तो घेण्याचा सल्ला देणार नाही. शिवाय भाव त्याच मापाच्या साध्या एलईडीच्या दुपटीहून अधिक. ज्याच्या घरी बैठकीच्या खोलीला पडदे आहेत, जो रात्री सिनेमे आणि सामने पाहतो, त्याने जरूर विचार करावा. ज्याच्या टीव्हीसमोर दोन मोठ्या खिडक्या आहेत त्याने तेवढ्या पैशात चांगला मिनी एलईडी घ्यावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ४०,००० रुपये धरली तर ग्राहकाचे चार हजार वाचतात. हे चार हजार दुकानदार बहुधा आणखी मोठ्या मापाकडे वळवतो. त्यापेक्षा भिंतीचा चांगला स्टँड, व्होल्टेजची सोय आणि वॉरंटीच्या कागदाकडे ते वळवलेले बरे. वॉरंटी विचारताना पॅनलची किती वर्षे आणि बाकीच्या भागांची किती, हे वेगवेगळे विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे.

हप्त्यांबद्दलही एक शब्द. 'शून्य टक्के व्याज' अशी पाटी पाहून पुष्कळ लोक निर्धास्त होतात. सप्टेंबर २०१३ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. ते व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा रोखीने मिळणारी सूट नाकारण्यात दडलेले असते. तेव्हा रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज दोन्ही एकाच कागदावर मागावीत. जी मंडळी व्याजापासून दूर राहू इच्छितात त्यांनी तर हा कागद पाहिल्याशिवाय सही करूच नये. इमानदार दुकानदार तो कागद देतो, असा माझा अनुभव आहे.

दुकानदारांना माझी एक सूचना आहे. दुकानाच्या मागच्या बाजूला दहा बाय दहाची एक खोली काढा, तिला पडदा लावा आणि तिथे दोन टीव्ही साध्या घरगुती मोडवर चालवून दाखवा. आधी ग्राहकाला तीन प्रश्न विचारा. टीव्ही कोणत्या भिंतीला लागणार, खिडकी कुठे आहे, आणि घरात सर्वांत जास्त वेळ काय पाहिले जाते. विकल्यावर बॅकलाइट शंभरवरून पन्नास-साठवर आणून द्या. एलईडी टीव्ही दुरुस्तीला येतात त्यातल्या पुष्कळांत मागच्या दिव्यांची पट्टी जळालेली असते, आणि पूर्ण उजेडावर रात्रंदिवस चालवणे हे त्याचे एक मोठे कारण. यात दुरुस्तीचा धंदा थोडा कमी होईल खरा, पण ते गिऱ्हाईक पुढच्या खेपेला मुलीच्या लग्नाची सगळी खरेदी घेऊन तुमच्याचकडे येईल.

त्या दिवशी चाचांना कारागिराने हेच तीन प्रश्न विचारले. खिडकी टीव्हीच्या समोरच होती आणि दिवसभर बातम्या. त्यांनी ४३ इंची साधा एलईडी घेतला, रोखीने. प्लाझ्मा परत न्यायला ते तयार नव्हते, भंगारात द्यायलाही मन होईना. शेवटी तो दुकानातच राहिला. त्यातले दोन बोर्ड चांगले निघाले आणि त्यातल्या एकावर सध्या शेजारच्या गावातला एक प्लाझ्मा चालू आहे.